रक्तातला आकडा आणि नागपूरचा रस्ता

(दृश्य : पावसाळी पहाट. धानाच्या बांध्या. ग्रामीण रुग्णालयाचा व्हरांडा.)

रोवणीच्या दिवसांत गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या ग्रामीण रुग्णालयात तापाने खंगलेला रुग्ण दाखल होतो, तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे निदानाइतकाच अवघड असा दुसरा प्रश्न असतो : याला येथेच ठेवायचे, की १०८ च्या गाडीत घालून पुढे पाठवायचे? गडचिरोली शहरापासून नागपूर सुमारे १७० किलोमीटर आहे, आणि सिरोंच्याच्या बाजूला राहणाऱ्यांना तर गडचिरोलीच तितके दूर पडते. पाठवण्यास उशीर झाला तर रुग्ण वाटेत दगावू शकतो; सगळ्यांनाच पाठवले तर पुढची खाट खऱ्या गरजवंताला मिळत नाही. रक्तातील घटकांवरून पुढचा धोका ओळखण्याच्या विद्येचा येथे उपयोग आहे तो मुख्यतः या एका निर्णयापुरता.

(दृश्य : प्रयोगशाळेचे टेबल, जांभळ्या आणि निळ्या टोपणांच्या नळ्या.)

२०२० च्या मार्चमध्ये वुहानमधील १९१ कोविड रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि दाखल होतानाच ज्यांचे डी-डायमर (रक्ताची गुठळी विरघळताना उरणारा प्रथिनाचा तुकडा) प्रति मिलिलिटर १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त होते त्यांना मृत्यूचा धोका अधिक असल्याचे त्यात दिसले. त्यानंतर वर्षभरात सीआरपी (दाहात वाढणारे प्रथिन), फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन), एलडीएच (पेशी फुटल्यावर रक्तात येणारे विकर), आयएल-६ (दाहाचा निरोप पोचवणारे प्रथिन) ही नावे खेड्यापाड्यांतल्या लोकांच्याही तोंडी आली. यांपैकी आयएल-६ ही महाग चाचणी. परंतु आयएल-६ च्याच हुकमावरून यकृत सीआरपी तयार करते, त्यामुळे स्वस्त सीआरपी बऱ्याच अंशी तीच बातमी सांगते. रक्तातील सीआरपी साधारण १९ तासांत निम्मे होते. दाह खरोखर थांबला असेल तर दुसऱ्या दिवशीच्या अहवालात ते दिसू लागते, आणि म्हणून एका आकड्यापेक्षा चोवीस तासांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे अधिक मोलाचे ठरतात. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या कोविडवरील औषधांच्या चाचणीत टोसिलिझुमॅबसाठी (आयएल-६ चा परिणाम रोखणारे औषध) जे रुग्ण निवडले गेले, त्यांच्यासाठी ऑक्सिजनची कमतरता आणि प्रतिलिटर किमान ७५ मिलिग्रॅम सीआरपी असे दोन निकष होते. हाच आकडा काही प्रयोगशाळा प्रति डेसिलिटर ७.५ असा छापतात. एकक न वाचता कागद पुढे सरकवला, तर गंभीर रुग्ण किरकोळ वाटू शकतो.

त्याहून स्वस्त खूण साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, असते. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल ८५ टक्के आणि लिम्फोसाइट १० टक्के असतील तर त्यांचे गुणोत्तर साडेआठ येते. निरोगी माणसात ते बहुधा एक ते तीनच्या दरम्यान असते. मात्र डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झाल्यावर न्यूट्रोफिल त्या औषधानेच वाढतात, म्हणून पहिला नमुना इंजेक्शनच्या आधी घेतलेला बरा.

(दृश्य : एक तरुणी, हातात सिकलसेलचे कार्ड.)

परक्या मुलखात ठरलेल्या मर्यादा जशाच्या तशा विदर्भात आणल्या की खरी अडचण सुरू होते. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या आजारात तांबड्या पेशी सतत फुटत असल्याने एलडीएच ताप नसतानाही वाढलेले असते, डी-डायमरही पुष्कळदा वाढलेले असते, आणि वारंवार रक्त चढवलेल्यांचे फेरिटिन तर हजारांत जाते. कागदावर अशी व्यक्ती मरणासन्न दिसेल, जरी ती खाटेवर बसून चहा घेत असली तरी. उलट लोह कमी असलेल्या बाईचे फेरिटिन मुळातच तळाला असते. ते दाहाने वर चढून ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसते आणि कोणाला शंकाही येत नाही.

डेंग्यूत ही चूक अधिक महागात पडते. नातेवाईक प्लेटलेट मोजत आणि पपईच्या पानांचा रस पाजत बसतात, पण जीव बहुधा धोक्यात येतो तो रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) पाझरल्यामुळे, आणि त्याची खूण म्हणजे वाढणारे हिमॅटोक्रिट, अर्थात रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण. ते मूळ पातळीपेक्षा २० टक्के वाढले की सावध व्हावे, असा संकेत आहे. आता ज्या सिकलसेल रुग्णाचे एरवीचे हिमॅटोक्रिट २८ असते, त्याचे ३६ आले तर अहवालात ते निरोगी बाईचे वाटते. प्रत्यक्षात ती सव्वापटीहून अधिक वाढ आहे. त्याचे जुने आकडे उपकेंद्राच्या वहीत किंवा घरी पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या कागदांत असतात, आणि ते मागवून घेणारी आशाताई अशा वेळी कोणत्याही यंत्राइतकी उपयोगी असते.

(दृश्य : मोटारसायकलवरून जाणारी नमुन्यांची पेटी, खड्ड्यांचा रस्ता.)

नमुन्याच्या प्रवासाचाही परिणाम होतो. हादऱ्यांनी आणि उन्हाने नळीतल्या पेशी फुटल्या तर एलडीएच आणि पोटॅशियम खोटेच वाढलेले येतात. डी-डायमरची निळी नळी खुणेपर्यंत भरावी लागते, आणि त्याचे आकडे दोन निरनिराळ्या एककांत दिले जातात, ज्यांत जवळपास दुपटीचा फरक पडतो.

ब्रिटनच्या २६० रुग्णालयांतील माहितीवरून तयार झालेल्या, कोविड रुग्णाच्या मृत्यूचा धोका मोजणाऱ्या ‘४सी’ गुणांकनात आठ बाबी आहेत, आणि त्यांतल्या रक्ताच्या फक्त दोनच : युरिया आणि सीआरपी. वय, लिंग, जुने आजार, श्वासाचा वेग, ऑक्सिजन आणि शुद्ध या सहा बाबी खाटेशेजारीच कळतात. कोविडपुरते का होईना, तालुक्याच्या ठिकाणी जमेल असे हे गणित आहे.

काही विषाणू मात्र एवढीही सवड देत नाहीत. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात जो सापडला आणि ज्याला त्या गावाचेच नाव मिळाले, तो विषाणू लहान मुलाला एक-दोन दिवसांत बेशुद्धीपर्यंत नेऊ शकतो. तेथे दुसऱ्या नमुन्याची वाट पाहणे म्हणजे गाडी चुकवणे.

(दृश्य : सायंकाळ. रुग्णवाहिकेचे दार, संदर्भ चिठ्ठी.)

गाडी निघताना डॉक्टर चिठ्ठीवर सकाळचे आणि संध्याकाळचे हिमॅटोक्रिट, सीआरपी एककासह, नमुन्याची वेळ आणि स्टेरॉइडची वेळ लिहितात, आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ जोडतात : ‘रुग्ण सिकलसेलचा, नेहमीचे हिमॅटोक्रिट २८.’