दोन्ही बाजूंनी पुढे जाणारे इंजिन

श्रोतेहो, नमस्कार. वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती घरी कशी बांधावी आणि तिच्यावरचे बारीक काम कसे करावे, याविषयी आज मी बोलणार आहे. हे इंजिन शोकेसमध्ये ठेवण्याचे नाही. टेबलावर मांडलेल्या रुळांवरून डबे ओढत ते प्रत्यक्ष धावले पाहिजे.

माझ्यासमोर आत्ता ज्या इंजिनाची प्रतिकृती आहे ते आपल्या रेल्वेचे डब्ल्यूपी जातीचे, म्हणजे ब्रॉडगेजवरचे प्रवासी गाड्यांचे इंजिन. या जातीची पहिली सोळा इंजिने 1947 मध्ये अमेरिकेतील बाल्डविन कंपनीकडून आली. पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी आणि मागे दोन लहान अशी त्याची रचना असते. पुढचे तोंड बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते असते आणि त्यावर चांदणीसारखी चंदेरी नक्षी असते. ज्यांनी 1995 पूर्वी ब्रॉडगेजवर प्रवास केला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर ते तोंड या क्षणी आले असेल.

प्रथम मापाचा प्रश्न. जगात सर्वाधिक प्रचलित असलेले एचओ हे प्रमाण एकास सत्त्याऐंशी आहे आणि त्याच्या तयार रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. युरोप-अमेरिकेतील 1435 मिलिमीटरच्या रुळांना ते अचूक बसते. आपला ब्रॉडगेज मात्र 1676 मिलिमीटरचा आहे आणि त्याला सत्त्याऐंशीने भागले तर उत्तर येते सव्वाएकोणीस मिलिमीटर. पुन्हा सांगतो: रूळ मिळतात साडेसोळाचे आणि हवे असतात सव्वाएकोणीसचे. त्यामुळे आपले रुंद इंजिन तयार रुळांवर ठेवले की समोरून पाहताना त्याचे पाय जवळ घेतल्यासारखे दिसतात. काही मंडळी यावर उपाय म्हणून सगळे रूळ स्वतः घालतात आणि नव्याने येणाऱ्यालाही तसे करण्याचा आग्रह धरतात. माझे मत याच्या उलट आहे. पहिले इंजिन तयार रुळांवरच चालवावे, कारण रूळ घालण्यात दोन वर्षे गेली की इंजिन बांधण्याची उमेद उरत नाही. ज्यांना मापातील ही तूट सहनच होत नाही, त्यांनी बार्शी लाइट रेल्वे निवडावी. ती 762 मिलिमीटरची छोटी लाइन होती आणि एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात तिचे माप पावणेनऊ मिलिमीटर येते. नऊ मिलिमीटरचे रूळ तर बाजारात तयारच मिळतात. वारकऱ्यांना पंढरपूरला नेणारी ती गाडी टेबलावर आणण्यासाठी पाव मिलिमीटरचीच तडजोड करावी लागते.

साहित्याविषयी फार सांगत नाही. अर्ध्या मिलिमीटरहून पातळ पितळी पत्रा, तितकीच बारीक पितळी तार, कानशी, डाख देण्याचे साधन आणि चांगला चिमटा, एवढ्यावर काम सुरू होते. दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगतो. पत्र्यावरचे रिव्हेट दाखवायचे असतील तर पत्रा जाड पुठ्ठ्यावर पालथा ठेवून बोथट सुईने मागच्या बाजूने एकेक ठिपका उठवावा, आणि आधी पट्टी धरून रेघ मारावी, कारण रिव्हेटांची ओळ केसभर वाकडी गेली तरी ती नजरेला लगेच टोचते. दुसरी गोष्ट, चाकांना जोडणारे, बाहेरून दिसणारे रॉड करण्यासाठी पितळ वापरू नये, जर्मन सिल्व्हरचा पत्रा वापरावा. त्याचा रंग घासलेल्या पोलादासारखा दिसतो आणि त्यावर रंग द्यावा लागत नाही. स्थानकांबाहेर शोभेसाठी उभ्या केलेल्या जुन्या इंजिनांच्या रॉडना चकचकीत चंदेरी रंग फासलेला दिसतो तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. ते पोलाद तेल पिऊन काळसर चमकत असे आणि तीच त्याची शोभा होती.

आता मुख्य गोष्ट. आधी चाल, मग साज. हे मी कसे शिकलो ते सांगतो.

हे इंजिन बांधायला मला चौदा महिने लागले. जुन्या परदेशी इंजिनाचा सांगाडा आणि मोटर घेऊन वरचे सगळे मी नव्याने केले. गोळीसारखे तोंड पितळी सळईतून लेथवर काढून घेतले. हातधरणीचे गज, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, टेंडरमधील, म्हणजे इंजिनामागच्या डब्यातील कोळसा, सगळे जागच्या जागी बसले. कोळशासाठी खरा कोळसाच कुटून, चाळून वापरला. सेफ्टी व्हॉल्व्हच्या खाली क्षाराच्या पाण्याचे पांढरट ओघळही रंगवले. रविवारी सकाळी ते रुळांवर ठेवले आणि ते पहिल्या फेरीतच न अडखळता धावले.

शेजारच्या वहिनींचे वडील त्या दिवसांत लेकीकडे राहायला आले होते. ते भुसावळच्या शेडमध्ये फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले, हे मला ठाऊक होते. संध्याकाळी मी त्यांना चहाला बोलावले. ते आले, खुर्ची घेतली नाही, गुडघ्यांवर हात टेकून टेबलाच्या उंचीला डोळे आणले आणि इंजिनाकडे बघत राहिले. मी गाडी अगदी सावकाश सोडली. गाडी त्यांच्यासमोरून गेली, वळण घेऊन दुसऱ्या बाजूने परत आली. त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितले.

"भाऊ," ते म्हणाले, "हे इंजिन उजव्या बाजूनं नागपूरला निघालंय आणि डाव्या बाजूनं मनमाडला."

मला काहीच कळले नाही. तेव्हा त्यांनी खिशातून पेन काढून टोक इंजिनाला न लावता दाखवले. मोठ्या चाकावर जिथे सिलिंडरकडून येणारा कनेक्टिंग रॉड येऊन बसतो, त्या पिनेच्या बाहेरच्या टोकाला एक लहान आडवा तुकडा असतो. त्याला रिटर्न क्रँक म्हणतात. सिलिंडरमध्ये वाफ कधी पुढून सोडायची आणि कधी मागून, हे ठरवणाऱ्या व्हॉल्व्हला हालचाल मिळते ती प्रामुख्याने या तुकड्यापासून. त्यांनी मला हाताने चाक हळूहळू फिरवायला सांगितले. उजवीकडची पिन सर्वांत खाली आली तेव्हा तिचा रिटर्न क्रँक पुढे, सिलिंडरच्या दिशेने झुकलेला होता. "हे बरोबर," ते म्हणाले. मग आम्ही इंजिन फिरवले आणि डावीकडची पिन खाली आणली. तिकडचा रिटर्न क्रँक मागे, ड्रायव्हरच्या केबिनकडे झुकलेला होता.

खऱ्या इंजिनात असे झाले असते तर एका बाजूच्या सिलिंडरने चाके पुढे फिरवायला जोर लावला असता आणि दुसऱ्या बाजूच्या सिलिंडरने मागे. माझे इंजिन मात्र पहिल्याच फेरीत सुरळीत धावले होते, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. खऱ्या इंजिनात वाफ रॉडला ढकलते आणि रॉड चाक फिरवतो. आपल्या इंजिनात मोटर चाक फिरवते आणि चाक रॉडला ओढत नेते. म्हणजे रॉडवर कामाचा भार नसतो, आणि भार नसल्यामुळे त्यांची चूक कोणी बोलून दाखवेपर्यंत लपून राहते. पुन्हा सांगतो, कारण हा मुद्दा महत्त्वाचा आहे: मॉडेल नीट धावते म्हणजे त्याचे रॉड बरोबर जुळले आहेत असे नव्हे. ते नजरेनेच तपासावे लागतात.

चूक कशी झाली, तेही मला त्याच रात्री सापडले. इंजिनाची उजवी बाजू आपल्याकडे करून बसले की त्याचे तोंड आपल्या उजव्या हाताला येते. ती बाजू मी आधी केली आणि रिटर्न क्रँक उजवीकडे झुकवून डाख दिला. मग इंजिन फिरवले. आता तोंड डाव्या हाताला आले होते, पण माझ्या मनात उजवीकडे हीच दिशा बसली होती. वास्तविक मनात ठेवायची दिशा एकच: सिलिंडरकडे. पिन खाली असताना रिटर्न क्रँक सिलिंडरकडे झुकला पाहिजे, दोन्ही बाजूंनी. डब्ल्यूपीसारख्या, पिस्टन व्हॉल्व्हमध्ये आतून वाफ घेणाऱ्या इंजिनांना हा नियम लागू होतो. जुन्या, सरकत्या व्हॉल्व्हच्या इंजिनांत तो उलटा होतो, म्हणून आपण निवडलेल्या इंजिनाचे बाजूने घेतलेले छायाचित्र समोर असल्याशिवाय हे काम करू नये.

दोन्ही बाजू एकाच वेळी जुळवून पाहण्याचा प्रयत्न करू नका, हेही त्यांनीच मला सांगितले. डावीकडच्या आणि उजवीकडच्या पिना एकमेकींशी काटकोनात असतात, कारण एक बाजू मृत बिंदूवर, म्हणजे जिथे रॉड ढकलूनही चाक फिरत नाही तिथे, आली तरी दुसऱ्या बाजूचा पूर्ण जोर चाकाला मिळावा लागतो. त्यामुळे एकीकडची पिन खाली असते तेव्हा दुसरीकडची पुढे किंवा मागे असते. दर वेळी एकच बाजू घ्यावी, तिची पिन खाली आणावी, तपासावी आणि मगच दुसरीकडे वळावे.

डावीकडचा डाख मी दुसऱ्या दिवशी उतरवला. शेजारच्या सांध्याला उष्णता लागू नये म्हणून त्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवला, तुकडा फिरवून बसवला आणि फ्लक्सचा, म्हणजे डाख धरावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा, अंशही राहू नये म्हणून जुन्या टूथब्रशने कोमट पाण्यात धुतला, कारण राहिलेल्या फ्लक्सने पितळ महिन्याभरात हिरवे पडते. काकांना पुन्हा बोलावले. ते पुन्हा तसेच वाकले. गाडी दोनदा समोरून गेली, दोनदा पलीकडून. या वेळी त्यांनी हात वर केला नाही. चहा घेतला, भुसावळच्या शेडमधल्या रात्रपाळीच्या आठवणी सांगितल्या आणि निघताना दारात थांबून म्हणाले, "मोठ्या चाकांपुढं वाळूच्या नळ्या कुठंयत, भाऊ? पावसात चाक घसरलं तर काय करणार?"

चाकापुढे रुळावर वाळू सोडणाऱ्या त्या नळ्यांसाठी 0.3 मिलिमीटरची तार मी आणून ठेवली आहे. प्रत्येक नळीला दोन वळणे आहेत आणि तिचे टोक चाक व रूळ जिथे भेटतात तिथे, पण दोहोंना न शिवता, सुटले पाहिजे. एका बाजूच्या नळ्या कालच बसवून झाल्या. उद्या सकाळी दुसऱ्या बाजूच्या घेणार आहे.

नमस्कार.