दगडूची सुई आणि दुसरा हात

(नागपुरातल्या एका वाचनालयात मे महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? कूलरचा आवाज फार आहे, पण पारा ४५ वर असताना तो बंद करा म्हणणं बरं नव्हे. मीच जरा मोठ्यानं बोलते.

पत्रिकेत विषय छापलाय ‘आजारी मांजर आणि आपला प्रवास’. आधी हात वर करा. घरी मांजर कुणाकुणाकडे आहे? वा, निम्मं सभागृह. त्यांतल्या कुणाच्या मांजराला रोजचं औषध सुरू आहे? आठ. नाही, त्या खांबाआडच्या काकू धरून नऊ. आता या नऊ जणांपैकी गेल्या वर्षभरात एक रात्र तरी गावाबाहेर मुक्काम कुणी केला? दोन हात. उरलेल्या सात जणांसाठी मी आज आले आहे. दोन वर्षं मीही तुमच्यातच होते.

आमचा दगडू आपल्या महाल भागात सापडला, मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी. काळी-पिवळी मारबत पुढे निघून गेली, गर्दी पांगली आणि एका दुकानाच्या पायरीखाली हा मूठभर जीव ओरडत बसला होता. पुढे त्याचा सात किलोंचा बोका झाला. नसबंदी झालेला, घरात बसून खाणारा, वजनदार बोका. मांजरांतला मधुमेह याच वर्णनाच्या बोक्यांना जास्त होतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

तो दहाव्या वर्षी पाणी फार प्यायला लागला. माठाखालच्या ताटलीतलं संपलं, की कूलरच्या टाकीत तोंड घालायचा. नागपुरात मे महिन्यात कोण जास्त पाणी पीत नाही? आम्ही म्हटलं, ऊन आहे. जून सरला, पाऊस लागला, तरी टाकी सुटेना. खाणं भरपूर आणि वजन मात्र पाच किलोंवर आलं. मग एके सकाळी तो ओट्यावर उडी मारायला गेला आणि खालीच राहिला. चालताना पाहिलं तर मागच्या पायांच्या टाचा फरशीला टेकत होत्या, ससा टेकवतो तशा. साखर फार दिवस वाढलेली राहिली, की मांजराच्या मागच्या पायांच्या नसा अशा दुबळ्या होतात. ही चाल नीट लक्षात ठेवा. कुणाच्याही मांजरात दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

डॉक्टरांनी एका तपासणीवर निदान केलं नाही. दवाखान्याच्या नुसत्या भीतीनंही मांजराची साखर चढते. म्हणून लघवी पाहिली, रक्तातलं फ्रुक्टोसामिन पाहिलं, त्यातून मागच्या दोनेक आठवड्यांच्या साखरेचा अंदाज येतो. आणि इन्सुलिन सुरू झालं. दर बारा तासांनी, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दोन-दोन युनिट.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. इन्सुलिन १९२१ साली टोरांटोत सापडलं आणि १९२२ च्या जानेवारीत पहिल्यांदा एका मुलाला टोचलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण मांजराचं इन्सुलिन सर्वांत जवळचं कुणाचं? गायीचं. दोन्हींत फक्त १ अमिनो आम्लाचा फरक आहे. माणसाच्या आणि मांजराच्या इन्सुलिनात ४ आम्लांचा. तरीही माणसाचं औषध दगडूला लागू पडतं. रोज सकाळी कुपी हातात घेतली, की मला हे आठवतं आणि आजही नवल वाटतं.

तर सात आणि सात. दोन वर्षं आम्ही कुठं गेलो नाही. बहिणीच्या साठीला नाही, चिखलदऱ्याला नाही. कुणी बोलावलं, की माझं वाक्य तयार असायचं: ‘माझ्याशिवाय त्याचं होत नाही हो.’ तुम्ही सात जणही हेच म्हणत असाल. हे वाक्य प्रेमाचं वाटतं. पण त्याचा अर्थ नीट बघा. उद्या माझा पाय मोडला, मला ताप चढला, तर या जिवाची सुई कोण देणार? कुणीच नाही. ज्या आजाराचा उपचार एकाच माणसाच्या हातात आहे, तो उपचार अर्धा आहे. मांजराला दुसरा हात लागतोच, तुम्ही प्रवासाला जा नाहीतर नका जाऊ.

हे मला कळलं ते कोल्हापूरच्या लग्नात.

भाचीचं लग्न. ते टाळणं शक्य नव्हतं. महाराष्ट्र एक्सप्रेसनं नागपूर ते कोल्हापूर एका दिवसाहून जास्त लागतो. काही जण विचारतात, बरोबर का नाही नेलं? एसी टू, एसी थ्री, स्लीपर यांत प्राण्यांना नेता येत नाही. फर्स्ट एसीचा आख्खा कूपे मिळाला तर नेता येतं, नाहीतर ब्रेक व्हॅनमधली पेटी. उन्हाळ्यात मधुमेही मांजर त्या पेटीत घालायचं? मी विचारही केला नाही.

मग शहराबाहेर प्राणी ठेवून घेणारं एक ठिकाण शोधलं. नाव घेत नाही. जागा स्वच्छ होती, माणसं हसतमुख होती. मी कुपी दिली, डोस कागदावर लिहून दिला आणि मोजून सिरिंज दिल्या. पुन्हा सांगते, मोजून. त्या मोजण्यावर मी आजही हळहळते. दगडू परक्या जागी उसळला, दोन सुया वाकल्या आणि तिसऱ्या दिवशी सिरिंज संपल्या. तिथल्या माणसानं मला फोन केला नाही. जवळच्या औषधाच्या दुकानातून ‘इन्सुलिनची सिरिंज’ म्हणून मागून आणली.

आता लक्ष द्या, कारण हे तुमच्या घरात माणसांच्या बाबतीतही घडू शकतं. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपणाची ४० ची आणि नारंगी टोपणाची १०० ची. ४० ची सिरिंज, ज्या कुपीत एका मिलिलीटरला ४० युनिट असतात तिच्यासाठी. १०० ची सिरिंज १०० युनिटांच्या कुपीसाठी. दगडूचं इन्सुलिन, ग्लार्जिन नावाचं, १०० चं. दुकानदारानं दिली लाल. तिच्यावरच्या दोनच्या रेघेपर्यंत औषध ओढलं, की दोन युनिट जात नाहीत, पाच जातात. अडीचपट. टोचणाऱ्यानं कागदावर लिहिलेलंच केलं होतं. आकडा बरोबर आणि सिरिंज चुकीची.

कोल्हापुरात मेंदी सुरू होती. माझे दोन्ही हात ओले. फोन वाजला, तो भाचीनं माझ्या कानाशी धरला. पलीकडून कोवळा आवाज आला, तिथं झाडझूड करणारा पोट्टा होता. “ताई, तुमचा बोका झोकांड्या खाऊन राहिला. डोळे कसेतरी करून राहिला.” मी विचारलं, जेवला का? म्हणे, वाटी तशीच आहे. म्हणजे रिकाम्या पोटावर सुई. मी ओरडले, मध आण! मध नव्हता. ग्लुकोजची पावडर होती. ती पाण्यात कालवून बोटानं हिरड्यांना चोळ म्हटलं. तोंडात ओतू नकोस, ठसका लागेल, नुसती चोळ. त्यानं फोन जमिनीवर ठेवला. मला फक्त फरशीवर वाटी सरकल्याचा आवाज येत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो म्हणाला, “मान उचलली, ताई.” शेजारच्या गाडीवाल्याला उठवून त्यानं दगडूला दवाखान्यात नेलं. ते जरुरीचंच होतं, कारण आत गेलेलं इन्सुलिन काम करतच राहतं, साखर पुन्हा उतरू शकते. मी लग्नघरात रात्रभर जागी होते. हातांवरची मेंदी सगळी पुसली गेली होती.

परत आल्यावर त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात लाल टोपण दिसलं तेव्हा उलगडा झाला. मालकांना दाखवलं तर म्हणाले, सुई ती सुई. राग आजही आहे माझ्या मनात, तो लपवत नाही. आजारी प्राणी ठेवून घेतो म्हणणाऱ्यानं हे शिकून घ्यायलाच हवं. त्या मुलाला मात्र मी दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन भेटते.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं उरलीत. बघा, नियोजनाचं सगळं राहिलंच आहे. भरभर सांगते.

पहिलं, आजारी मांजर घरीच राहू द्या, माणूस त्याच्याकडे येऊ द्या. मांजर जागेला धरून असतं. परक्या ठिकाणी ते कपाटाखाली दडतं आणि खात नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, की यकृतात चरबी साचायला लागते, वजनदार मांजरात तर फार लवकर. म्हणून जो कुणी येईल त्यानं वाटीत किती उरलं ते रोज कळवायचं.

दुसरं, तो माणूस निघायच्या आदल्या दिवशी शोधू नका. मी परिचितांत, शेजारात शोधत होते आणि अकरा वर्षं आमच्याकडे कामाला येणाऱ्या कांताबाई समोर भांडी घासत होत्या. दगडू त्यांच्याच पायांत घोटाळायचा. मी चाचरत विचारलं. त्या म्हणाल्या, “मले वाचता येत नाही ताई, पण रंग तं कळते ना.” आम्ही नारंगी टोपणाला ‘संत्र्याची टोपी’ नाव ठेवलं. आणि शिकलोही संत्र्यावरच. साधं पाणी भरून, साल चिमटीत धरून, तिरकी सुई. आठवडाभरात अर्धी टोपली टोचून झाली. मग मी शेजारी उभी राहून त्यांनी दगडूला दिली. मानेमागची कातडी तंबूसारखी उचलायची, सुई आत, हळूच दाबायचं. तो खातच राहिला, मान वर केली नाही. या कामाचे पैसे मी वेगळे देते. हे कौशल्याचं काम आहे, तुम्हीही वेगळेच द्या.

तिसरं, तालीम. आधी एक रात्र रामटेकला जा. पन्नासेक किलोमीटरच आहे, काही बिनसलं तर तासा-दीड तासात घरी. मग अमरावती. मग लांबची गाडी. एकदम कोल्हापूर नको.

चौथं, सुईचे नियम. आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई न देता डॉक्टरांना फोन. सुई आत गेली की केसांवर सांडली अशी शंका आली, तर पुन्हा द्यायची नाही. एक डोस चुकला तर चालतो, दोनदा गेला तर जिवावर बेततं. सिरिंज लागतील त्याच्या दुप्पट ठेवा. मधाची बाटली डोळ्यांसमोर. कुपी फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडायचं नाही. फार वेळ गेली, तर कुपी डब्यात घालून तो डबा ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवायचा.

पाचवं, डॉक्टर. दिवाळीत, मेमध्ये तेही गावाला जातात, आधी विचारून ठेवा. सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचं आहे, तिथला रस्ता तुमच्या माणसाला एकदा दाखवून आणा. आणि तुम्ही गाडीत, फोन लागत नाही अशा वेळी उपचाराचा निर्णय कोण घेणार, खर्चाचे पैसे कुठे ठेवलेत, हे कागदावर सही करून द्या.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनो, म्हाताऱ्या मांजरांत तो फार, तुमचं सलाइनचं काम वेळेच्या बाबतीत माझ्याहून सैल असतं, पण कातडीखाली ते द्यायला दुसरा हात तुम्हालाही शिकवावाच लागेल. थायरॉइडवाल्यांनी गोळी चारायची तालीम करावी, मांजर ती गालात धरून मागाहून सोफ्यामागे थुंकतं.

भाचीला मुलगी झाली आहे. पुढच्या आठवड्यात बारशाला आम्ही दोघं निघतो आहोत, पाच दिवसांसाठी.

घड्याळात सहा पंचावन्न झालेत. समोरच्या काकू मघापासून काळजीनं बघताहेत, की हिची सातची सुई आहे आणि ही अजून इथेच. कांताबाईंनी वाटी मांडली असेल आत्ता. मला घाई नाही. विचारा, कुणाला काय विचारायचं आहे?