के दिहुआच्या गावची माणसं

मागं आवाज येतोय ना? बरं. मला भाषण वगैरे काही जमत नाही, मी नर्स, 34 वर्षं वॉर्डात ओरडून काढलीत त्यामुळं माईक नसला तरी चालेल म्हटलं होतं पण यांनी ऐकलं नाही. आज 9 डिसेंबर, युद्धात चीनला जाऊन तिथंच गेलेल्या आपल्या सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांची पुण्यतिथी, आणि मला सांगितलंय की तुम्ही चीनला जाऊन आलात त्याबद्दल बोला. त्यांचं चरित्र सांगायला माझ्यापेक्षा चांगली माणसं इथं पहिल्या रांगेत बसलीत. मी फक्त टूरचं सांगते.

तर 2019 चा एप्रिल. कोरोनाच्या आधीचं जग. आमचा ग्रुप 19 जणांचा, त्यात दोन रिटायर डॉक्टर, चारपाच शिक्षक, एक यंत्रमागवाले मामा, त्यांच्या मिसेस, आमच्या गल्लीतल्या दोघी काकू आणि मी नि आमचे हे. निघताना शेजारी विचारतायत, "तिकडं जाऊन काय करलालाव ओ तुम्ही? लोक सिंगापूरला जातात, दुबईला जातात, तुम्ही समाधी बघायला चाललाय?" एका जावयानं तर 1962 काढलं. म्हटलं बाबा आपला माणूस तिथं गेला 1938 ला, तेव्हा 1962 व्हायचं होतं.

टूरवाल्याचं नाव घेत नाही, पण त्यानं दिलेला पहिला कागद बघितला आणि डोकंच फिरलं. बीजिंगमध्ये सिल्क मार्केट आणि मोत्यांचं दुकान मिळून 3 तास आणि डॉक्टरांच्या समाधीला 45 मिनिटं, त्यातच चहा! मी म्हटलं अहो ज्याच्यासाठी चाललोय तोच माणूस तुम्ही चहात बसवलाय. बरीच बाचाबाची झाली, शेवटी अर्धा दिवस मिळवला. मोत्यांच्या दुकानात तरी जावंच लागलं, ते बहुतेक त्यांच्या कमिशनचं असतं, जाऊदे.

सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री मुंबई, तिथून विमान. प्रत्येकाच्या बॅगेत शेंगाचटणी आणि कडक भाकरी, हे काय सांगायलाच नको. आणि मामांनी स्वतःच्या मागावरची एक चादर घेतली होती, लाल-निळी, आपली ती जाड. ती पुढं महत्त्वाची आहे म्हणून आत्ता सांगून ठेवते.

बीजिंगचं मी जास्त सांगत नाही, राजवाडा बघितला, भिंत बघितली, गुडघे दुखले. पण एक जागा सांगते. शहराच्या नैर्ऋत्येला एक जुना दगडी पूल आहे, मार्को पोलो ब्रिज म्हणतात, कठड्यावर शेकडो दगडी सिंह आणि एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. 7 जुलै 1937 ला तिथं जपानी आणि चिनी फौजांची चकमक झाली आणि ते आठ वर्षांचं युद्ध पेटलं. शेजारी वानपिंग नावाची तटबंदी आहे, तिच्यावर माऱ्याच्या खुणा अजून आहेत, मी एकीत मूठ घालून बघितली, आत गेली. शाळेत आपण दुसरं महायुद्ध 1939 पासून शिकतो, त्या पुलावर कळतं की त्यांचं दोन वर्षं आधीच सुरू झालं होतं, आणि डॉक्टर कोटणीस गेले ते म्हणजे युरोपात पहिली गोळी सुटायच्या आधी गेले.

कसे गेले ते थोडक्यात. चीनच्या कम्युनिस्ट फौजेचे सेनापती झू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले, सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष, त्यांनी देशभर आवाहन केलं, वर्गणी गोळा झाली, आणि पाच डॉक्टर निवडले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आपले द्वारकानाथ शांताराम कोटणीस. सप्टेंबर 1938 ला मुंबईहून बोट. वय 27, अठ्ठावीसला महिना कमी. तिथं पोचल्यावर पाचही जणांनी चिनी नावं घेतली, प्रत्येकाच्या नावात शेवटी हुआ, हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे झाले के दिहुआ. फेब्रुवारी 1939 ला येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या मुख्य ठाण्यावर पोचले, त्याच्या आधीच वडील गेल्याची बातमी आली, तरी परतले नाहीत. बाकीचे एकेक करून भारतात आले. हे राहिले.

आता शिजियाझ्वांग, डॉक्टरांची समाधी आहे ते शहर. नाव मला आठवडाभर उच्चारता आलं नाही, काकू शेवटपर्यंत शिवाजीजंग म्हणत होत्या. बीजिंगपासून 280 किलोमीटर, म्हणजे आपलं पुणे असेल तेवढंच, आणि ट्रेननं साधारण सव्वा तास. पुण्याला किती लागतो ते तुम्ही बघा.

तिथं आम्ही मुद्दाम 5 एप्रिलला गेलो कारण त्या दिवशी त्यांचा छिंगमिंग असतो. छिंगमिंग म्हणजे आपली सर्वपित्री समजा, फक्त वसंतात. घरची सगळी जण आपापल्या पूर्वजांच्या थडग्यावर जातात, गवत काढतात, झाडतात, फुलं ठेवतात, सरकारी सुट्टी असते. आणि युद्धात गेलेल्यांच्या स्मशानात शाळा येतात. गंमत म्हणजे 2019 ला त्या दिवशी आपल्याकडंही अमावास्याच होती, फाल्गुनातली, दुसऱ्या दिवशी पाडवा. त्यावरून आदल्या रात्री चर्चा, अमावास्येला स्मशानात कसं जायचं. रिटायर डॉक्टर म्हणाले मी चाळीस वर्षं अमावास्येला ऑपरेशन्स केलीत, चला.

दुसरा घोळ कपड्यांचा. गाईड पोरगी म्हणाली लाल काही घालू नका, पांढरं नाहीतर काळं. आता पांढरं म्हटल्यावर मामी उसळल्या, "अगं बाई, माझा नवरा इथं समोर उभाय आणि मी पांढरं नेसू?" शेवटी राखाडी स्वेटर वरून घालून सगळ्या साड्या झाकल्या. पण फुलं बघितली आणि सगळ्या गप्प झाल्या. पांढरी शेवंती. आपल्याकडं देवाला वाहतो तीच, तिकडं मेलेल्या माणसाला वाहतात. गाईडनं प्रत्येकीच्या हातात एकेक दांडी दिली.

उत्तर चीनच्या लष्करी हुतात्म्यांचं ते स्मशान आहे. बाग आहे मोठी, उंच झाडं. कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून तिथंच आहेत. त्यांचं मी नर्स म्हणून सांगते, ऑपरेशन करताना बोट कापलं, ग्लोव्हज नव्हते, जंतू रक्तात गेले आणि 12 नोव्हेंबर 1939 ला संपले. बोटाच्या कापण्यानं सर्जन मरतो हे आजच्या पोरींना सांगितलं तर खरं वाटत नाही, पेनिसिलीन हाताशी नव्हतं तेव्हाचं हे. त्यांच्या नावाचं हॉस्पिटल निघालं आणि जानेवारी 1941 ला त्याचे डायरेक्टर झाले आपले कोटणीस. हॉस्पिटल म्हणजे काय, शेतकऱ्याची घरं, जपानी आले की पेशंट खाटेसकट उचलायचे आणि डोंगरात पळायचं. 1940 च्या एका लढाईत म्हणे सलग 72 तास ते ऑपरेशनला उभे होते. मी लागोपाठ नाईट केल्यात, तिसऱ्या पहाटे माणूस कसा होतो मला माहितीय, हात थरथरतात, सलाईनचा आकडा वाचता येत नाही.

आणि ग्वो चिंगलान. मला खरं तर त्यांच्यासाठीच जायचं होतं. नर्सिंग शिकवायच्या त्या, बेथ्यूनच्या समाधीच्या कार्यक्रमात 1940 ला दोघांची पहिली भेट. त्यांना आश्चर्य वाटलेलं की हा हिंदी डॉक्टर चिनी बोलतो, वाचतो, लिहितो. 1941 ला लग्न, ऑगस्ट 1942 ला मुलगा, नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. आणि मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना डॉक्टर गेले, अपस्माराच्या झटक्यानं, वय 32. तो मुलगाही डॉक्टर व्हायला निघालेला, तोही पंचविशीच्या आत गेला, 1967 ला. आणि ही बाई त्यानंतर 2012 पर्यंत होती. सासरी भारतात येऊन गेली. आपण सगळे डॉक्टरांच्या मरणाबद्दल बोलतो, तिच्या त्यानंतरच्या सत्तर वर्षांबद्दल कुणीच काही बोलत नाही, हे माझं मत आहे, पटलं नाही तरी चालेल.

बरं, समाधी. समोर त्यांचा पांढरा पुतळा. आमच्या आधी एक शाळा आलेली, गळ्यात लाल रुमाल, दहाअकरा वर्षांची पोरं. मला वाटलं आता बँड वाजेल, भाषण होईल. काही नाही. पोरांनी बादलीत फडकी बुडवली आणि दगड पुसायला घेतला, कोरलेल्या अक्षरांत बोट घालून घालून. मग तीनदा वाकून नमस्कार आणि फुलं. 12 जानेवारीला आपण सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालतो, तो हार उंचावर घालायला लागतो म्हणून शिडी आणि नगरसेवक लागतात, इथं खाली बसून पुसायचं काम होतं त्यामुळं पोरांनाच जमणार. मग आमची पाळी. आम्ही पण पुसलं. मामी सगळ्यात पुढं, पदर खोचून.

मग मामांनी चादर काढली. दर्ग्यावर घालतात तशी घालायची त्यांच्या मनात. गाईड घाबरली, ऑफिसमधला माणूस आला, दहा मिनिटं त्यांचं चिनीत चाललं. तेवढ्यात एक पोरगी पुढं आली, चष्मेवाली, आणि तिनं गाईडला काहीतरी विचारलं. गाईड हसली. म्हणाली, ती विचारतेय यांना थंडी वाजते म्हणून आणलीय का? मामांना काही बोलताच येईना. मी म्हटलं हो, सांग तिला, आमच्या गावात हेच विणतात. शेवटी पायाशी घडी करून ठेवू दिली, फोटो झाल्यावर त्या माणसानं दोन्ही हातांनी उचलून आत नेली. पुढं तिचं काय झालं माहीत नाही.

आणि त्या चष्मेवालीनं आम्हाला धरलं. तिच्या बाईंनी सांगितलं होतं ना, ही के दिहुआच्या गावची माणसं आहेत. वही काढली. त्यांचं घर अजून आहे का? आमचे शिक्षक म्हणाले आहे, भैय्या चौकात, 2012 पासून स्मारक आहे. आतून कसंय? शिक्षक गप्प. मी गप्प. एकोणीस जणांत आत जाऊन आलेले चार, आणि ते नेमके बेथ्यूनकडं फोटो काढत होते. मी नोकरीला होते तोवर त्या चौकातून रोज गेलेली बाई, रिक्षातून, डबा मांडीवर. एकदा उतरले नाही. पोरगी थांबेना. लहानपणी काय खेळायचे? आई किती वर्षं वाट बघत होती? माहीत नाही, माहीत नाही. तिला वाटलं गाईडला नीट भाषांतर जमत नाहीये, तिनं परत विचारलं. मग शेवटचं, लहानपणी त्यांना काय खायला आवडायचं?

आणि मी, काय झालं मला कळलं नाही, लाजच वाटली असेल, मी म्हटलं शेंगापोळी. संक्रांतीला आमच्याकडं सिद्धेश्वराची यात्रा असते, गड्डा, तेव्हा घरोघरी करतात, शेंगदाणे आणि गूळ, त्यांना फार आवडायची. फार, असंसुद्धा म्हणाले. गाईडनं सांगितलं, पोरीनं लिहून घेतलं, शेंगदाण्याचं चित्र काढलं, मला दाखवलं बरोबर आहे का. मी म्हटलं बरोबर.

आमचे हे बसमध्ये म्हणाले, तुला कुणी सांगितलं? म्हटलं गप्प बसा.

दुसऱ्या दिवशी पाडवा. हॉटेलात हाऊसकीपिंगवालीकडून मॉपची काठी मागून घेतली, मामींची इरकल, माझा स्टीलचा पेला, काकूंनी सोलापुरातनं साखरेची गाठी आणलेली, कडुनिंब काही मिळाला नाही. नवव्या मजल्याच्या खिडकीत गुढी. खालून दोन माणसं वर बघत होती. शेवंती मात्र कुणी लावू दिली नाही, आदल्या दिवशीच्या दांड्यांपैकी एक उरली होती माझ्याकडं.

परत आल्यावर वर्षाच्या आत कोरोना, मग जून 2020 ला गलवान, आणि ज्यांना टूरचे फोटो पाठवले होते त्यांतल्या दोघांनी मला ग्रुपमधनं काढलं. असू दे. चीनचे पाहुणे भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना भेटायचे, आपल्याकडं 1993 ला पोस्टाचं तिकीट निघालं, त्यांच्याकडं 1982 ला. पाहुणे यायचे बंद झाले की तो विषयही बंद. कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे मेंबर झाले होते जुलै 1942 ला, हे आपल्याकडं स्टेजवर सहसा कुणी म्हणत नाही, मी म्हटलं, झालं.

भैय्या चौकातल्या घरात मी जाऊन आले, आता चारपाच वेळा. फोटो बघितले, सगळं वाचलं. शेंगापोळी कुठंच नाही. म्हणजे नसेलच आवडत असं नाही, सोलापुरातलं पोरगं आहे, पण लिहिलेलं कुठं नाही. ती चष्मेवाली आता सतरा-अठराची असेल. तिच्या वहीत आहे, कदाचित निबंधात लिहिलं असेल, कदाचित बाईंनी वर्गात वाचून दाखवलं असेल आणि पुढच्या वर्षीच्या पोरांनी पण.

म्हणून आज मी यायला हो म्हणाले. इथं जुन्या सोलापुरातली माणसं बसलीत, कुणाचे आजोबा त्यांच्या वर्गात असतील, कुणाची आजी शेजारी राहिली असेल. काही ऐकलेलं असेल तर कार्यक्रम झाल्यावर मला सांगा. मी चहाच्या टेबलापाशी थांबते. वही आणलीय.