खांद्याला पेलणारा धक्का

[दृश्य: दहा मीटरची बंदिस्त रेंज. सकाळची वेळ. कागदी लक्ष्ये एकेक करून पुढे सरकत आहेत.]

गोव्यात नेमबाजी शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या हातात सुरुवातीला एअर रायफल येते. साडेचार मिलिमीटर व्यासाचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा छर्रा दाबलेल्या हवेच्या जोरावर लक्ष्याकडे जातो, आणि साडेपाच किलोपर्यंत वजन असलेली ती रायफल जागची हलल्याचे हातांना कळतही नाही. पुढे त्यांतली काही मुले एनसीसीच्या शिबिरात पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची, रायफल चालवतात, तिथेही खांद्यावर येतो तो धक्का नव्हे, फार तर स्पर्श. मग एखाद्या दिवशी घरातले कोणी मोठे माणूस कौतुकाने बारा बोअरची बंदूक हातात देते, बार निघतो, आणि त्या एका क्षणात शरीर जे शिकते ते विसरायला पुढे कित्येक महिने लागतात.

बंदुकीचा मागे येणारा धक्का माणसाला किती सोसतो, हा प्रश्न आम्ही या माहितीपटात विचारणार नाही, कारण एक-दोन बारांपुरते माणूस पुष्कळ सोसतो. किती धक्का त्याला सहज पेलतो, म्हणजे पन्नासाव्या बारालाही त्याचा नेम पहिल्या बाराइतकाच शांत राहतो, हा आमचा प्रश्न आहे.

[दृश्य: लाकडी दस्त्याची जुनी रायफल मेजावर. कॅमेरा नळीच्या तोंडापासून दस्त्यापर्यंत संथपणे येतो.]

हिशेब न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा आहे. गोळी पुढे जाताना जेवढा संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, घेऊन जाते, आणि तिच्यामागून दारूचा वायू नळीबाहेर उसळताना जेवढा संवेग नेतो, तेवढाच रायफलीला उलट दिशेने मिळतो. वायूचा हा वाटा लोक हमखास विसरतात. खरे तर तो गोळीपेक्षा कितीतरी वेगाने बाहेर पडतो, आणि भारी काडतुसांत एकूण धक्क्याचा चौथा-तिसरा हिस्सा त्याचाच असतो. एकूण संवेगाला रायफलीच्या वजनाने भागले की ती किती वेगाने मागे येईल ते मिळते, आणि त्या वेगावरून धक्क्याची ऊर्जा ज्यूलमध्ये काढता येते.

थ्री-नॉट-थ्रीचे उदाहरण घेऊ. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय पायदळ गोव्यात आले तेव्हा जवानांच्या खांद्यावर मुख्यतः हीच रायफल होती. तिची गोळी सुमारे ११ ग्रॅमची, वेग सेकंदाला साडेसातशे मीटरच्या आत-बाहेर आणि रायफलीचे वजन सुमारे ४ किलो. हिशेब केला तर धक्का येतो सुमारे १६ ज्यूल. आता हीच गोळी ३ किलोच्या रायफलीतून सोडली असे धरा. संवेग तोच राहील, पण ऊर्जा २१ ज्यूलच्या वर जाईल. रानात हिंडायला हलकी रायफल बरी, असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा. पाठीवरून वाचवलेला एक किलो खांद्याला व्याजासह फेडावा लागतो.

२० ज्यूल म्हणजे नेमके किती? ४ किलोची रायफल अर्ध्या मीटरच्या उंचीवरून खाली पडली तर जमिनीवर जेवढ्या ऊर्जेने आदळेल, तेवढे. फूट-पाउंडात हा आकडा १५ होतो, आणि नेमबाजांच्या जगात सहज पेलणाऱ्या धक्क्याची सीमा म्हणून तो फार काळापासून वापरात आहे. अमेरिकी लष्कराच्या चाचणी-मार्गदर्शिकेतली मर्यादाही तिथूनच सुरू होते. धक्का २०.३ ज्यूलच्या खाली असेल तर एका माणसाने दिवसात किती बार काढावेत यावर बंधन नाही. ४०.७ ज्यूलपर्यंत दिवसाला २०० बार, ६१ ज्यूलपर्यंत १०० आणि ८१.४ ज्यूलपर्यंत फक्त २५. त्याच्या वर खांद्यावरून बार काढूच नये.

या कोष्टकाची रचना मला महत्त्वाची वाटते. धक्का किती, हा प्रश्न त्यात एकटा येत नाही. दिवसात किती वेळा, हा प्रश्न त्याला चिकटूनच येतो. आपल्याकडे मात्र बंदुकीविषयी बोलताना पहिल्याच प्रश्नाशी थांबण्याची सवय आहे.

[दृश्य: उघडी ट्रॅप रेंज. नारिंगी तबकडी आकाशात फुटते.]

ट्रॅप नेमबाजांचेच, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या फोडणाऱ्यांचे पाहा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्यांच्या बारा बोअर काडतुसात २४ ग्रॅम छर्रे असतात, आणि त्यांची बंदूक साधारण पावणेचार किलोची, म्हणजे घरच्या बंदुकीपेक्षा चांगलीच जड असते. या दोन्ही गोष्टी धरून हिशेब केला तर धक्का २० ज्यूलच्या अगदी जवळपास येतो. पात्रता फेरीत १२५ तबकड्या असतात आणि प्रत्येकीवर दोन बारांची मुभा असते. इतके बार काढूनही शेवटच्या तबकडीपर्यंत हात शांत राहतो, तो धक्का सीमेवर रोखलेला असतो म्हणून. तेच काडतूस जास्त छर्ऱ्यांचे आणि बंदूक हलकी केली, तर ३० ज्यूल ओलांडायला वेळ लागत नाही.

बाकीच्या बंदुकांचे आकडे झरझर सांगून पुढे जाऊ. पॉइंट टू-टूचा धक्का ज्यूलच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, ५.५६ मिलिमीटरच्या इन्सास रायफलीचा ४ ज्यूलच्या आसपास, हत्ती-रानम्हशींच्या शिकारीसाठी आफ्रिकेत वापरल्या जाणाऱ्या थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह मॅग्नमचा ५० ज्यूलच्या पुढे आणि फोर-फिफ्टी-एट मॅग्नमचा ८० च्याही वर.

[दृश्य: शिकणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर कॅमेरा. डोळ्यांच्या कडा, गाल, दस्त्यावर टेकलेली हनुवटी.]

धक्क्याने नेम चुकतो, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान तपासून पाहायला हवे. चाप ओढल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत काही मिलिसेकंदच जातात. मोठ्या आवाजाने माणसाची पापणी मिटायला साधारण ३० ते ५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे शरीर दचकेपर्यंत गोळी केव्हाच निघून गेलेली असते, आणि त्या बारानंतरच्या दचकण्याने त्या बाराचा नेम बिघडणे शक्यच नाही. नेम बिघडतो तो मागच्या बारांच्या आठवणीने. धक्का येणार हे शरीराला आता ठाऊक झालेले असते, म्हणून चापावरचे बोट आवळत असतानाच खांदा पुढे रेटला जातो, डोळे मिटतात, नळी खाली झुकते, आणि हे सगळे बार निघण्याच्या आधी घडते. नेमबाजाला स्वतःला ते कळत नाही. आपण डोळे उघडे ठेवले होते असे तो शपथेवर सांगेल, आणि त्याच्या परीने तो खरेच बोलत असेल.

हे ओळखण्याची एक जुनी रीत आहे. प्रशिक्षक रायफल स्वतः भरून देतो, कधी खरे काडतूस, कधी दारू नसलेले सरावाचे. हातात आलेल्या रायफलीत काय आहे हे शिकणाऱ्याला माहीत नसते. सरावाच्या काडतुसावर नुसती टिचकी वाजते, बार निघत नाही, आणि तेव्हा नळी जर झपकन खाली गेली, तर दचक कुठे लपली होती ते सगळ्यांना दिसते. खांदा दुखू लागण्याच्या पुष्कळ आधी ती दिसते. म्हणूनच माझ्या मते सहज पेलणाऱ्या धक्क्याची खरी सीमा वेदनेने ठरवू नये, या टिचकीने ठरवावी. धिप्पाड माणसाचीही नळी झुकते, आणि किरकोळ अंगाची मुलगीही ती स्थिर धरू शकते. धैर्याशी याचा संबंध लावणे हा शिकणाऱ्यावर अन्याय आहे.

[दृश्य: जुन्या गोव्यातली मांडवीकाठची वाट. पाण्यावर सकाळचे ऊन.]

धक्का खांद्यानेच घ्यायचा, असेही पूर्वी सगळीकडे ठरलेले नव्हते. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रांत इथल्या कारागिरांच्या बंदुकांची वाखाणणी केली होती. १५४३ मध्ये पोर्तुगिजांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचलेल्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार काढायच्या, बंदुका याच गोमंतकीय घडणीच्या होत्या, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या घडणीचा दस्ता आखूड असतो आणि तो खांद्याला न लावता गालाशी धरायचा असतो. धक्का घेतात ते हात आणि बंदुकीचे स्वतःचे वजन. बंदूक थोडी उसळू दिली जाते, तिला अडवले जात नाही.

आजचा दस्ता खांद्यात बसतो, आणि धक्का जाणवतो किती, हे बरेचसे तो कसा बसतो यावर ठरते. दस्ता आणि खांदा यांत बोटभर अंतर राहिले तर रायफल आधी वेग घेते आणि मग आदळते. दस्ता लांब असला तर तो खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर टेकतो. थ्री-नॉट-थ्रीच्या दस्त्याला पितळी पट्टी आहे. तिच्या जागी जाड रबरी गादी असती तर ऊर्जा तेवढीच राहूनही ती जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरली असती. उभ्याने बार काढताना कंबरेवरचे शरीर मागे झुलते आणि धक्का विरतो, पालथे झोपून काढताना झुलायला जागा नसते, म्हणून तीच रायफल तेव्हा अधिक कठोर वाटते. नळीच्या तोंडाला ब्रेक, म्हणजे बाजूला भोके असलेला तुकडा, लावला तर वायू बाजूला वळून धक्का कमी होतो, पण आवाज शेजाऱ्याच्या कानांवर जातो. रायफलीचा आवाज मुळातच १४० डेसिबलच्या धोक्याच्या रेषेपलीकडचा असतो, तेव्हा कानरक्षक हवेतच. शिवाय दचकण्यात आवाजाचाही मोठा वाटा असल्याने, कान झाकल्यावर पुष्कळांना धक्काही कमी वाटतो. छातीत पेसमेकर असलेल्याने मात्र त्या बाजूच्या खांद्यावर दस्ता लावू नये. वारंवारच्या धक्क्याने त्याची तार तुटल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

[दृश्य: सत्तरीतले कुळागर. पोफळी, केळी, पाट. रात्रीची चाहूल.]

सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची, बंदूक बाळगणारे बागायतदार आहेत. त्यांच्या खांद्याचा विचार कोणी करत नाही, आणि तो करायला हवा. स्पर्धकाचे प्रत्येक काडतूस मोजून बनवलेले असते. ठासणीच्या बंदुकीत दारू जर अंदाजाने भरली तर प्रत्येक बाराचा धक्का वेगळा, आणि अंदाज चुकला तर खांद्यापेक्षा नळीचीच काळजी आधी करावी लागते. बंदूक हलकी, दस्ता वडिलांच्या किंवा आजोबांच्या मापाचा, अंगात पातळ सदरा, कान उघडे आणि बार वर्षातून चार-दोन. सरावाने येणारी सहनशक्ती या माणसाला मिळतच नाही. स्पर्धकाला जे २० ज्यूल सहज पेलतात, ते याला पेलतीलच असे नाही.

[दृश्य: पुन्हा रेंज. मुलगी रायफल खाली ठेवते.]

भारी रायफलीवर आज तिचे बारा बार झाले. तेराव्याला प्रशिक्षकांनी सरावाचे काडतूस भरले होते. टिचकी वाजली आणि नळी दोन बोटे खाली गेली.

"सर, आणखी पाच काढू? खांदा अजिबात दुखत नाही."

"दुखत नसेल, बाय. पण नळी काय सांगते ते बघितलंस ना? आता टू-टू घे."

ती जागा बदलते, पॉइंट टू-टू खांद्याला लावते, गाल दस्त्यावर टेकवते. पहिल्या चार बारांना पापणी फडफडते. पाचव्याला ती उघडी राहते.