कंस मोजू नका

मित्रहो, लिस्प या प्रोग्रामिंग भाषेचं नाव काढलं की दुसऱ्या वाक्याला कंस निघतात. ‘फंक्शनच्या शेवटी ते सहा-सात कंस असतात, ते तुम्ही जुळवता कसे?’ खरं सांगायचं तर आम्ही ते जुळवतच नाही. सरावलेला लिस्पवाला कंस वाचत नाही. कुठली ओळ समासापासून किती आत सरकली आहे ते बघतो आणि त्यावरून कोण कुणाच्या पोटात आहे ते ओळखतो. कंस वाचायचे संगणकाने आणि सांभाळायचे एडिटरने, म्हणजे आपण ज्यात प्रोग्राम लिहितो त्या सॉफ्टवेअरने. ही वाटणी तुमच्या एडिटरला जमत नसेल, तर तुम्हाला लिस्प नव्हे, टंकलेखन अवघड जातंय.

हे दुखणं जुनं आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पचं काम सुरू केलं, आणि पुढच्या पिढ्यांनी कंसांवर नाना उपाय शोधले. इंटरलिस्प या लिस्पच्या जुन्या बोलीत एक चौकोनी कंस टाकला की उघडे राहिलेले गोल कंस एकदम मिटत. एमआयटीच्या स्पेस-कॅडेट कळफलकावर गोल कंसांना स्वतःच्या कळा होत्या, शिफ्ट दाबायची गरज नाही. पण खरा उपाय निघाला तो एडिटरमध्ये. १९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स प्रणालीसाठी ईमॅक्स हा एडिटर लिहिला तो चक्क मॅकलिस्प या लिस्पच्याच बोलीत. आजचा ग्नू ईमॅक्सही बराचसा स्वतःच्या लिस्पमध्येच लिहिलेला आहे. म्हणून मी उदाहरणं ईमॅक्सची देतो. विम हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांनी रागावू नये. त्यात लिस्पसाठी व्हीलाइम आहे, कॉन्जर आहे, तुमचीही सोय झालेली आहे.

आता सेटिंगकडे येऊ. नवखा माणूस कुणाची तरी हजार ओळींची इनिट फाइल (ईमॅक्स सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाइल) उचलून आणतो आणि मग ती दुरुस्त करण्यात महिना घालवतो. तसं करू नका. कंसाची जोडी उजळून दाखवणं नव्या ईमॅक्समध्ये आपोआप चालू असतं. इंद्रधनुष्यी कंस, म्हणजे आतल्या-बाहेरच्या जोड्यांना वेगवेगळे रंग, हवे तर घ्या. मला ते दिवाळीतल्या माळेसारखे वाटतात, छान दिसतात, पण त्यांच्या उजेडात कुणी वाचत नाही.

वेळ द्यायचा तो पॅरेडिट या ईमॅक्सच्या जोडणीला. पॅरेडिट लावलं की उघडा कंस टाकताच मिटणारा कंसही येतो, आणि भरलेल्या कंसावर बॅकस्पेस दाबली तर तो पुसला जात नाही, कर्सर नुसता त्यावरून सरकतो. पहिल्या दिवशी संताप येतो. वाटतं, हा कोण मला अडवणारा! पण तो तुम्हाला जोडी मोडू देत नाही, एवढंच. बदल्यात काय मिळतं ते पाहा. कंट्रोल आणि उजवा बाण दाबला की मिटता कंस पुढे सरकून शेजारची अख्खी पदावली, म्हणजे एक शब्द किंवा एक पूर्ण कंस, आत ओढून घेतो. डावा बाण दाबला की आतली शेवटची बाहेर टाकतो. पहिल्याला स्लर्प म्हणतात, म्हणजे भुरका, दुसऱ्याला बार्फ, म्हणजे ओकारी. नावं ठेवणाऱ्यांच्या अभिरुचीबद्दल मी बोलणार नाही. कंट्रोल-मेटा-के ने (मेटा म्हणजे बहुधा ऑल्टची कळ) कर्सरपुढची अख्खी पदावली कापली जाते, मग ती एका ओळीत असो वा वीस ओळींत. आठवडाभरात तुम्ही ओळींचा विचार करणं सोडता आणि पदावल्यांचा करू लागता.

ही झाली निम्मी गोष्ट. उरलेली निम्मी म्हणजे एडिटर आणि चालता प्रोग्राम यांची तार जोडणं. कॉमन लिस्प या बोलीसाठी एसबीसीएल हा कंपायलर बसवा, आणि ईमॅक्समध्ये त्याच्याशी तार जोडणारं स्लाइम किंवा त्यातूनच फुटलेलं स्लाय. इनिट फाइलमध्ये एसबीसीएल कुठे आहे ते एका ओळीत सांगा, की झालं. स्लाइम असेल तर लिस्पच्या बाजूला स्वँक नावाचा सर्व्हर ऐकत बसतो, ईमॅक्स त्याच्याशी बोलतो. आता फंक्शनमध्ये उभं राहून कंट्रोल-सी दोनदा दाबा. तेवढं एकच फंक्शन कंपाइल होऊन चालत्या प्रोग्राममध्ये जाऊन बसतं. बाकी सगळं जिथल्या तिथे. चूक झाली तर प्रोग्राम मरत नाही, डीबगर, म्हणजे चूक शोधायची खिडकी, उघडून थांबतो. तुम्ही फंक्शन दुरुस्त करता आणि तिथूनच पुन्हा प्रयत्न करायला सांगता.

ही चैन नव्हे. मे १९९९ मध्ये नासाच्या डीप स्पेस वन यानावर रिमोट एजंट हा यान आपोआप चालवणारा, लिस्पमध्ये लिहिलेला प्रोग्राम चालवला जात होता. जमिनीवरच्या चाचण्यांत कधी न दिसलेला एक दोष तिकडे अंतराळात उपटला. यानावर चालता लिस्प होता, त्यामुळे दोष कुठे आहे ते इथून शोधता आलं.

आपल्यापुरतं एक सांगतो, कारण हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. एसबीसीएलमध्ये फंक्शनला ‘बेरीज’ असं देवनागरी नाव सरळ देता येतं. मात्र टायपिंगसाठी संगणकाचा कळफलक मराठीवर नेऊ नका, कारण मग ईमॅक्सच्या आज्ञाच पोचत नाहीत. ईमॅक्सची स्वतःची इनपुट पद्धत वापरा, इनस्क्रिप्ट किंवा आयट्रान्स. तिच्यात आज्ञा शाबूत राहतात. आणि देवनागरी अक्षरं सारख्या रुंदीची नसतात, तेव्हा अशा नावांखाली ओळी एका रेषेत येणार नाहीत. आपण ओळींच्या सरकण्यावरच वाचतो म्हटल्यावर ही अडचण लहान नाही. मी देवनागरी टिपणांत आणि मजकुरात ठेवतो, नावांत नाही.

शेवटचा एक धोका. चालत्या प्रोग्राममध्ये जे एकदा गेलं ते फाइलमधून पुसलं तरी आत जिवंत राहतं. तुम्ही फंक्शनचं नाव बदलता, एका जागी जुनं नाव तसंच राहतं, आणि तरी सगळं बिनबोभाट चालतं. दुसऱ्याच्या संगणकावर मात्र पहिल्याच मिनिटाला कोसळतं. म्हणून काम कुणाच्या हाती देण्याआधी स्लाइमला लिस्प नव्याने सुरू करायला सांगा, सगळं पहिल्यापासून लोड करा आणि येणाऱ्या सूचना वाचा. ‘हे फंक्शन अस्तित्वात नाही’ अशी ओळ त्यात हटकून सापडते.