एकच गोष्ट, आणि स्वतःची

श्रोतेहो, नमस्कार. आम्हा शाळेतल्या सहा मित्रांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. दोघं बेळगावात, एक खानापूरला, एक निपाणीला, एक पुण्यात आणि एक दुबईत. दर रविवारी प्रत्येकानं आठवड्यातली आवडलेली एकच गोष्ट पाठवायची. फोटो चालेल, आवाज चालेल, दोन ओळी चालतील. कुणाचं तरी आलेलं पुढं ढकलायचं नाही. एकच गोष्ट, आणि स्वतःची.

मागं खानापूरकरानं चुलीत भाजलेल्या रताळ्याचा फोटो पाठवला. साल करपलेली, फोडल्या जागी वाफ. आमच्या भागात रताळी चिक्कार पिकतात, पण लोक ती पाण्यात उकडून चव का घालवतात, मला आजवर कळलेलं नाही. रताळं निखाऱ्यातच भाजावं. असो.

सांगायचंय ते मांड्यांचं. ‘मनात मांडे खाणं’ आपण उठताबसता म्हणतो, पण मांडा होताना बघितलाय किती जणांनी? शेजारच्या काकूंकडं लग्न होतं. चुलीवर लोखंडी कढई पालथी घातलेली. पिठीसाखर भरलेली पोळी काकू लाटायच्या, मग दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायच्या आणि अलगद कढईवर सोडायच्या. गरम आहे तोवरच घडी घालायची. जरा उशीर झाला की मांडा कडक होतो, घडी घालताना मोडतो. फोटो काढायला गेलो, तर धुरात काही दिसेना. मग चाळीस सेकंद नुसता आवाज टिपला आणि ग्रुपवर टाकला.

रात्री दुबईहून फोन. चार वर्षांत तो गावी आलेला नाही. म्हणाला, “अरे, घडी घालताना काकूंच्या बांगड्या वाजल्यात बघ. तेवढंच परत परत ऐकतोय. आईच्या अशाच वाजायच्या.” त्याची आई जाऊन आठ वर्षं झाली. तिच्या हातचे मांडे आम्ही सगळ्यांनी खाल्लेत. मी तिथं उभा होतो, पण मला त्या बांगड्या ऐकूच आल्या नव्हत्या. फोन ठेवून पुन्हा लावलं, तेव्हा आल्या. काकूंच्या खोकल्याआधी, दोनदा.

म्हणून सांगतो, आवाज पाठवाल तर काटछाट करू नका. मागचा गलबला राहू द्या.

पुढच्या रविवारी त्यानं कुकरच्या शिट्टीचा आवाज पाठवला. गावाहून आलेल्या कुणाकडून तरी बेळगाव बासमती मागवला होता. खाली एवढंच लिहिलेलं, “आज भात घरचा.”