गॅस भरण्याआधी मीटर लावा

(मोटार मेकॅनिक आणि ऑटो इलेक्ट्रिशियनचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मुलांनो, "एसी थंड करत नाही" म्हणत गिऱ्हाईक गाडी लावतं आणि बॉनेट उघडायच्या आत आपल्याकडून उत्तर जातं, "गॅस कमी झालाय." या सवयीचा मला मनापासून राग येतो. गॅस बंद नळ्यांतून फिरतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरं, पण महिन्याभरात कमी झाला तर गळती आहे आणि ती शोधल्याशिवाय भरण्यात अर्थ नाही. शिवाय एसीतला आर-134ए गॅस हवेत सोडला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1430 पट उष्णता धरून ठेवतो. तेव्हा आधी व्होल्ट, ओहम मोजायचा मीटर.

तापमानाचा आकडा लावायचा आणि बाकीचं गाडीने बघायचं, ही सोय कॅडिलॅकने 1964 साली दिली. आजच्या गाडीत हे काम डॅशबोर्डमागचं कंट्रोल युनिट करतं. बाहेरची हवा, केबिनमधली हवा, कूलिंग कॉइल आणि ऊन, या चारांची खबर घेऊन ते मुख्यतः तीन गोष्टी ठरवतं: कॉम्प्रेसर किती चालवायचा, ब्लोअर किती फिरवायचा आणि गरम-थंड हवेची मिसळ करणारा फ्लॅप कुठे ठेवायचा. यांतलं नेमकं काय बिघडलंय, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं पाहिजे. मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर खोचा आणि कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या जाड पाइपला हात लावा. पाइप गार आहे, त्यावर घाम धरलाय आणि व्हेंटमधून मात्र कोमट हवा येतेय? मग गॅस आणि कॉम्प्रेसर आपलं काम करताहेत. दोष डॅशबोर्डच्या आत, बहुतेक फ्लॅपच्या मोटरमध्ये. डॅशमधून टिकटिक येत असेल, तर तिच्या गिअरचे दात गेलेत. बॅटरी काढून लावल्यावर तक्रार सुरू झाली असेल, तर आधी फ्लॅपचं कॅलिब्रेशन करून बघा, म्हणजे त्याची दोन्ही टोकं युनिटला पुन्हा ओळखू द्या. मोटर मागवायची घाई नको.

आता सेन्सर. यातले तापमान मोजणारे बहुतेक सेन्सर थर्मिस्टर असतात. तापमान वाढलं की त्यांचा रेझिस्टन्स कमी होतो. कंट्रोल युनिट त्यांना साधारण 5 व्होल्टचा पुरवठा देतं आणि वायरवर किती व्होल्ट उरले यावरून तापमान ओळखतं. वायर तुटली तर पूर्ण 5 व्होल्ट दिसतात आणि युनिटला वाटतं, बाहेर उणे 40 अंशांची थंडी आहे. बाहेरच्या हवेचा सेन्सर पुढच्या बंपरमागे असतो. बंपरचं काम झाल्यावर त्याचा कपलर, म्हणजे वायर जोडणारा प्लग, लावायचा राहिला, की कित्येक गाड्यांत भर मे महिन्यात कॉम्प्रेसर लागत नाही. युनिट बिघडलेलं नसतं. चुकीच्या खबरीवर ते अगदी बरोबर निर्णय घेत असतं.

कूलिंग कॉइलच्या सेन्सरचा दोष जास्त फसवा. गिऱ्हाईक सांगतं, "घाटापर्यंत मस्त गार होता, मग हवा यायचीच कमी झाली. चहाला थांबलो, परत निघालो, तर सगळं ठीक." हे वाक्य नीट ऐका, निम्मं निदान त्यातच आहे. कॉइल शून्याच्या जवळ गेली की कॉम्प्रेसर थांबवणं किंवा मंद करणं, हे या सेन्सरच्या खबरीवर व्हायला हवं. तो कॉइलच्या पात्यांतून निसटला किंवा त्याचं माप बिघडलं, की कॉइलवर बर्फ धरतो आणि हवेची वाट बंद होते. अर्ध्या तासात बर्फ वितळतो, म्हणून गॅरेजमध्ये गाडी निर्दोष दिसते. सेन्सर बाहेर काढा, 25 अंशांना रेझिस्टन्स मोजा, मग बर्फाच्या पाण्यात धरून पुन्हा मोजा. आकडा सलग चढत साधारण तिप्पट झाला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा अडकला, तर सेन्सर बदला. नेमके आकडे त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

सगळ्यात जास्त फसवणूक अर्थिंगमध्ये, म्हणजे करंटच्या बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाण्याच्या वाटेत होते, तेव्हा हा हिशेब वहीत उतरवा. कॉम्प्रेसरला इंजिनच्या पट्ट्याशी जोडतो-सोडतो तो क्लच, त्याच्या चुंबकाची कॉइल 4 ओहमची धरू. 12 व्होल्टवर तिच्यातून 3 अँपिअर जायला हवेत. अर्थच्या नटाखाली गंज आहे आणि त्याने 1 ओहम वाढवलाय. आता करंट उरला 2.4 अँपिअर आणि कॉइलला मिळाले 9.6 व्होल्ट. क्लच थंड असताना कसाबसा चिकटतो, तापला की सुटतो. तुम्ही कपलर काढून पुरवठ्याच्या वायरवर मीटर लावलात, तर 12 व्होल्ट पूर्ण दिसणार आणि तुम्ही म्हणणार, सप्लाय ठीक आहे. म्हणून कपलर जोडलेला ठेवा, एसी चालू ठेवा, मागच्या बाजूने प्रोब घाला आणि कॉइलच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा. 0.1-0.2 व्होल्टच्या वर काही दिसलं, तर नट सोडवून पत्रा घासा. कोकणातल्या गाडीवर हे पहिल्यांदा बघा, खारी हवा अर्थ खाते. वायरचं इन्सुलेशन टोचून मात्र मोजू नका, त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं. आणि उंदराने कुरतडलेली हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, हाताने चाचपल्याशिवाय सापडत नाही.

ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालत असेल, तर बहुतेक वेळा स्पीड रेझिस्टर गेलाय, पुढे जाऊ. गॅसचा दाब कमी झाला की कॉम्प्रेसर बंद ठेवणाऱ्या प्रेशर स्विचचे पिन तारेने जोडून कॉम्प्रेसर चालवायची युक्ती तुम्हाला कोणीतरी शिकवेल. करू नका. गॅस खरंच नसेल तर त्याच्यासोबत ऑइलही फिरत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो. स्कॅनरने "सेन्सर सर्किट ओपन" दाखवलं, तर त्यात वायर आणि कपलरही आले. सेन्सर मागवण्याआधी ते तपासा.

आणि हल्ली बऱ्याच गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लच नसतोच. टक्क असा आवाज येत नाही म्हणून तो मेलेला समजू नका. त्याच्या कंट्रोल व्हॉल्व्हला ठोक्याठोक्याने करंट जातो, मीटर ड्युटीवर, म्हणजे करंट किती टक्के वेळ चालू असतो त्या मापावर, ठेवून तो मोजा. तापमानाचा आकडा खाली-वर करा. ड्युटी बदलली, तर हुकूम तिथपर्यंत पोचतोय. नाही बदलली, तर वायर धरून मागे कंट्रोल युनिटकडे चला.